दोन क्लबांचा जमाखर्च आणि मैदानाचा वाटा

अकोल्याच्या जुने शहर भागात असदगडापासून डाबकी रोडपर्यंत संध्याकाळी सहज फेरफटका मारला, तरी मोकळ्या जागेत चेंडूमागे धावणारी मुले दिसतात आणि त्यांच्या पाठीवर मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे ही नावे वाचावयास मिळतात. मोर्णाकाठच्या या वस्तीतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना बार्सिलोनाने कोणत्या खेळाडूसाठी किती मोजले आणि रेआल माद्रिदने किती, याचा हिशेब तोंडपाठ असतो. वाद रंगतो आणि बहुधा दोहोंपैकी एका निष्कर्षावर येऊन थांबतो. एक पक्ष म्हणतो, ज्याने अधिक पैसा ओतला त्याने यश विकत घेतले. दुसरा म्हणतो, ज्याने कमी खर्चात भागविले तोच खरा शहाणा. दोन्ही निष्कर्षांत एकच गृहीत आहे. क्लबाने खेळाडूंच्या खरेदीवर केलेला खर्च म्हणजे क्लबाचा एकूण खर्च, आणि तोच त्याच्या कर्तृत्वाचे माप, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीत कितपत टिकते, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी युरोपपर्यंत जाण्याचीही गरज नाही. शेजारधर्म आणि स्पर्धा एकाच वेळी सांभाळणारे दोन क्लब मराठी मुलखाच्या अगदी जवळ आहेत.

मुंबई आणि गोवा

इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली, तेव्हा एफसी गोवा हा क्लब दत्तराज साळगावकर व श्रीनिवास धेंपो या गोव्यातील जुन्या फुटबॉल घराण्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. मुंबई सिटी एफसीची मालकी अभिनेता रणबीर कपूर व बिमल पारेख यांच्याकडे होती. गोव्यात फुटबॉलची परंपरा मुरलेली. एकट्या धेंपो क्लबाने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळविले होते. मुंबईजवळ त्या मानाने पैशाची आणि बाजारपेठेची अनुकूलता अधिक. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा हे अंतर अधिकच वाढले.

त्याच २०१९–२० च्या हंगामात गोवा साखळीत अव्वल ठरला. साखळीतील अग्रस्थानासाठी दिली जाणारी ढाल प्रथमच देण्यात आली आणि ती गोव्याने पटकावली. त्या संघाची घडण सर्जिओ लोबेरा या स्पॅनिश प्रशिक्षकाने केली होती. हंगाम संपण्यापूर्वीच, जानेवारी २०२० च्या अखेरीस, क्लबाने त्यांना दूर केले. त्यानंतर काही महिन्यांत जे घडले ते भारतीय फुटबॉलच्या अर्थव्यवहारातील बोधप्रद प्रकरण आहे. लोबेरा मुंबईचे प्रशिक्षक झाले. ह्यूगो बुमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि गोव्याचाच सुपुत्र मंदार राव देसाई हे चौघेही मुंबईत दाखल झाले. बुमूस हा नुकत्याच संपलेल्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच्यासाठी मुंबईने १ कोटी ६० लाख रुपये मोजल्याची वृत्ते त्या वेळी प्रसिद्ध झाली होती.

महामारीमुळे २०२०–२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना पार पडला. मुंबईने ढालही जिंकली आणि १३ मार्च २०२१ रोजी मडगावला मोहन बागानचा २–१ असा पराभव करून अंतिम विजेतेपदही मिळविले. वरवर पाहता खर्च आणि फळ यांचा संबंध यापेक्षा स्पष्ट असू शकत नाही. परंतु निकालांचा तपशील पाहिला की ही स्पष्टता विरळ होत जाते. साखळीअखेरीस मुंबई आणि मोहन बागान या दोघांचेही ४० गुण झाले होते. परस्परांतील सामन्यांच्या आधारे ढाल मुंबईकडे गेली. उपांत्य फेरीत मुंबईसमोर गोवाच उभा होता. पहिला सामना २–२, दुसरा जादा वेळेनंतरही ०–० असा सुटला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये मुंबई ६–५ अशी पुढे सरकली. प्रशिक्षक आणि चार आधारस्तंभ गमावलेला क्लब ते सर्व मिळविणाऱ्या क्लबाच्या एका फटक्याइतकाच मागे राहिला.

गोव्याने ती पोकळी कशी भरून काढली? हुआन फेर्रान्डो हे नवे प्रशिक्षक आणले, इगोर अंगुलो हा अनुभवी आक्रमक खेळाडू करारमुक्त असताना मिळविला आणि बाकीची भिस्त घरच्या तरुणांवर ठेवली. अंगुलोने त्या हंगामात १४ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान मिळविला. पुढच्या वर्षी अंगुलोही मुंबईस गेला आणि फेर्रान्डो यांना मोहन बागानने नेले. तरीही ऑक्टोबर २०२१ मध्ये ड्युरँड चषक आणि मे २०२५ मध्ये सुपर कप गोव्याने जिंकला. मुंबईने २०२२–२३ ची ढाल आणि २०२३–२४ चे विजेतेपद मिळविले. मुंबईचे पारडे जड आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु ते जितके जड वाटते तितके नाही, हेही तितकेच खरे.

खरेदीची रक्कम आणि खरा खर्च

या प्रकरणात एक गोष्ट सहज नजरेआड होते. मुंबईत गेलेल्या चार खेळाडूंपैकी ज्याच्या किमतीची चर्चा झाली तो प्रामुख्याने बुमूस. करार संपून क्लब बदलणाऱ्या खेळाडूसाठी जुन्या क्लबाला काहीच द्यावे लागत नाही. ही व्यवस्था युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी बोसमान खटल्यात दिलेल्या निर्णयातून रूढ झाली. जाँ-मार्क बोसमान या बेल्जियन खेळाडूचा करार संपला होता, तरी त्याचा क्लब शुल्काशिवाय त्याला सोडावयास तयार नव्हता. न्यायालयाने ही अडवणूक बेकायदेशीर ठरविली. तेव्हापासून खरेदीच्या तक्त्यात शून्य किंमत दाखविलेला खेळाडू प्रत्यक्षात अत्यंत महाग असू शकतो, कारण वाचलेले शुल्क तो वेतनाच्या रूपाने वसूल करतो.

म्हणून अर्थशास्त्राच्या दृष्टीने खेळाडूसाठी मोजलेली रक्कम भांडवली खर्चासारखी मानावी लागते. समजा, दोन वर्षांच्या करारासाठी १ कोटी ६० लाख रुपये दिले, तर क्लबाच्या पुस्तकात दरवर्षी ८० लाखांचा घसारा पडेल. त्याच्या जोडीला दोन वर्षांचे वेतन, निवास, विमा, मध्यस्थाची दलाली. यांतील वेतन हाच सर्वांत मोठा आकडा असतो आणि वर्तमानपत्रांच्या तक्त्यांत तोच दिसत नाही.

खर्चाच्या या दोन प्रकारांपैकी यशाशी कोणाचा संबंध घनिष्ठ, याचा अभ्यास स्टीफन झिमान्स्की या अर्थशास्त्रज्ञाने केला आहे. १९७८ ते १९९७ या काळातील चाळीस इंग्लिश क्लबांची आकडेवारी तपासली असता साखळीतील स्थानांत जो फरक दिसतो, त्याचा केवळ १६ टक्के भाग खरेदीच्या खर्चावरून उलगडतो. वेतनखर्चावरून मात्र ९२ टक्के. याचा अर्थ असा की, चांगल्या खेळाडूला त्याच्या योग्यतेचे वेतन देऊन टिकवून धरणे आणि गाजलेल्या नावांच्या मागे धावणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळाडूचे वेतन बाजार पुन्हा पुन्हा ठरवीत असतो. खरेदीची रक्कम पुष्कळदा एका हंगामाच्या लौकिकावर, विक्रेत्याच्या चातुर्यावर आणि खरेदीदाराच्या निकडीवर ठरते.

वऱ्हाडातील वाचकाला हा भेद क्रिकेटच्या उदाहरणावरून चटकन समजेल. अमरावतीचा जितेश शर्मा २०२२ च्या लिलावात २० लाखांना पंजाबकडे गेला होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात बंगळूरूने त्याच्यावर ११ कोटींची बोली लावली. त्याच लिलावात अकोल्याचा अथर्व तायडे ३० लाखांना हैदराबादच्या संघात गेला. ‘विकला गेला’ असे आपण म्हणतो, परंतु हे आकडे म्हणजे खेळाडूचे मानधन. आधीच्या संघाला मिळालेली किंमत नव्हे. फुटबॉलमधील हस्तांतर शुल्क याच्या उलट आहे. ते क्लब क्लबाला देतो, आणि खेळाडूचे वेतन त्याहून वेगळे.

माद्रिद आणि बार्सिलोना

मोठ्या आकड्यांच्या जगातही हाच अनुभव येतो. २०१७ साली पॅरिसच्या क्लबाने नेमारसाठी बार्सिलोनाला २२ कोटी २० लाख युरो दिले. एवढी रक्कम हाती आली आहे हे साऱ्या युरोपला ठाऊक असताना बार्सिलोना बाजारात उतरला. डेम्बेलेसाठी १० कोटी ५० लाख आणि काही महिन्यांनी कुटिन्योसाठी १२ कोटी युरो, तेही केवळ मूळ किमतीपोटी, त्याने मोजले. नेमारच्या विक्रीतून आलेला सर्व पैसा या दोन व्यवहारांतच संपला. २०१९ मध्ये ग्रीझमानसाठी आणखी १२ कोटी. ऑगस्ट २०२१ मध्ये क्लबाचे अध्यक्ष जुआन लापोर्ता यांनी जाहीर केले, तेव्हा क्लबाचे देणे १३५ कोटी युरो झाले होते आणि वेतनाचा बोजा उत्पन्नाच्या १०३ टक्के होता. शंभर रुपये मिळकत आणि एकशे तीन रुपये पगार, अशी ती अवस्था. त्याच महिन्यात, लहानपणापासून क्लबानेच घडविलेल्या मेस्सीला निरोप द्यावा लागला.

रेआल माद्रिदने २०१८ साली रोनाल्डोला सुमारे १० कोटी युरोंना विकले आणि त्यानंतर २०२२ व २०२४ अशी दोन वर्षे युरोपचे विजेतेपद मिळविले. म्हणून माद्रिदचे सारेच निर्णय शहाणपणाचे होते असे नव्हे. २०१९ मध्ये हॅझार्डवर खर्च केलेले १० कोटी युरो जवळजवळ वाया गेले. २०२४ मध्ये एम्बापे शुल्काविना आला, तो स्वस्तात आला असेही नव्हे. फरक इतकाच की, एक चूक पचविण्याइतके सामर्थ्य माद्रिदच्या जमाखर्चात शिल्लक होते, बार्सिलोनाच्या उरले नव्हते.

चढाओढीचे अर्थशास्त्र

शहाणी माणसे चालविणारे क्लब असा खर्च का करतात, हा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर स्पर्धेच्या स्वरूपात आहे. गिरणीने उत्पादन वाढविले आणि शेजारच्या गिरणीनेही वाढविले, तर कापड अधिक निघते. समाजाला त्याचा उपयोग होतो. साखळीत मात्र पहिला क्रमांक एकच असतो. दोघांनी खर्च दुप्पट केला तरी पहिले स्थान दोन होत नाहीत.

जुने शहराच्या रहिवाशाला हे समजण्यास पुस्तकाची आवश्यकता नाही. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराकडे येणाऱ्या कावडींत कोणत्या मंडळाची भरणी अधिक, ही चुरस त्याने पाहिलेली असते. सर्वांनीच भरणी वाढविली तर क्रम पूर्वीचाच राहतो. खांद्यावरचा भार तेवढा वाढतो. कावडीच्या बाबतीत तो भार हीच भक्ती असते आणि तो वाहणारे खांदे वस्तीतलेच असतात. फुटबॉलच्या बाजारात हा भार कोणीतरी कर्जाने उचललेला असतो, आणि उचलणारा निघून गेला म्हणजे तो उरलेल्यांवर पडतो. युरोपातील नियामकांनी क्लबांच्या तोट्यावर बंधने आणली आणि भारतातील लीगने वेतनावर कमाल मर्यादा घातली, ती याच कारणाने.

पैसा आटला म्हणजे

हे भय काल्पनिक नाही. महिंद्र युनायटेड हा मुंबईचा क्लब २००५–०६ चा राष्ट्रीय विजेता. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब राष्ट्रीय महासंघाच्या धोरणाचा निषेध करून आय-लीगमधून बाहेर पडले. सुपर लीगचा आर्थिक पायाही एका कराराचा होता. महासंघाने २०१० साली आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी दिले होते. त्यांची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत असताना नूतनीकरण झाले नाही, जुलै २०२५ मध्ये आयोजकांनी नवा हंगाम स्थगित असल्याचे कळविले आणि तो नेहमीच्या वेळी सुरू होऊ शकला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईतील आपला हिस्सा सोडला.

सहा वर्षांपूर्वी ज्या भांडवलाच्या आगमनाने दोन क्लबांतील अंतर वाढले होते, ते भांडवल असे परत गेले. मुंबईच्या कपाटात ढाली आणि चषक राहिले, ही कमाई खरीच. परंतु दोन्ही क्लबांचे चाहते एकाच वेळी एकाच चिंतेत सापडले: यंदा सामने होणार की नाही? खर्चाची तुलना करणाऱ्यांनी हा प्रसंग विसरता कामा नये. सामना दोन संघांचा असतो. प्रतिस्पर्धी नाहीसा झाला, तर उरलेल्याजवळ विकण्यासारखे काही राहत नाही.

मैदानाचा वाटा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. दोन क्लबांनी किती पैसा खर्च केला यापेक्षा तो कोणाच्या हाती गेला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सायमन रोटेनबर्ग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली बेसबॉल खेळाडूंच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. त्याचे प्रतिपादन असे की, नियम कोणतेही असोत, खेळाडू अखेर तेथेच पोहोचतो जेथे त्याच्या खेळाचे मूल्य सर्वाधिक असते. नियम बदलल्याने बदलते ते एवढेच की, त्या मूल्याचा पैसा कोणाच्या खिशात जातो. हे मान्य केले, तर बुमूस मुंबईस गेला याचा विषाद बाळगण्याचे कारण नाही. तो ज्या मैदानावर घडला, त्या मैदानाला काय मिळाले, एवढेच विचारावयाचे.

जागतिक फुटबॉल महासंघाने या प्रश्नाचे उत्तर नियमात दिले आहे. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात शुल्क देऊन गेला, तर त्या शुल्काचा ५ टक्के भाग, त्याला वयाच्या १२ ते २३ या वर्षांत ज्या क्लबांनी शिकविले, त्यांच्यात वाटला जातो. १२ ते १५ या चार वर्षांसाठी त्या भागाचे प्रत्येकी ५ टक्के आणि १६ ते २३ या आठ वर्षांसाठी प्रत्येकी १० टक्के. बुमूसच्या किमतीएवढाच, १ कोटी ६० लाखांचा, असा एखादा व्यवहार झाला असे मानू. ५ टक्के म्हणजे ८ लाख रुपये. ज्या लहान क्लबात मुलगा १२ ते १५ या वयात खेळला, त्याला १ लाख ६० हजार. १६ आणि १७ ही वर्षेही तेथेच गेली असतील, तर आणखी तेवढेच. महानगरातील क्लबाच्या दृष्टीने ही रक्कम किरकोळ. तालुक्याच्या किंवा जुन्या वस्तीच्या मैदानासाठी ती चेंडू, बूट आणि प्रशिक्षकाच्या काही वर्षांच्या मानधनाची सोय आहे. लिलावातील ११ कोटींच्या आकड्यात असा वाटा नसतो, कारण तो आकडा मुळातच मानधनाचा आहे.

परंतु हा हक्क आपोआप मिळत नाही. त्यासाठी क्लब जिल्हा संघटनेमार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी संलग्न असावा लागतो आणि खेळाडूची नोंद त्या त्या हंगामात, त्या त्या वयात, रीतसर झालेली असावी लागते. जागतिक महासंघाने नोव्हेंबर २०२२ पासून पॅरिस येथे या रकमांच्या वाटपासाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले आहे. तेथे खेळाडूच्या नोंदणीचा इतिहास पाहून वाटे ठरतात. ज्या वर्षाची नोंद नाही, त्या वर्षाचा वाटाही नाही. मुलगा बारा वर्षांचा असताना कोणत्या मैदानावर कोणी त्याला शिकविले, हे सारी वस्ती जाणते. पण त्या जाणण्याला व्यवहारात किंमत नसते.

वऱ्हाडातील मुले हुशार नाहीत किंवा काटक नाहीत, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. अमरावती आणि अकोल्याने क्रिकेटमध्ये ते सिद्ध केलेच आहे. फुटबॉलमध्ये असा मुलगा आज ना उद्या निघेल, आणि निघाला तर तो मोठ्या शहराकडे जाईल, हेही उघड आहे. त्याला अडवू नये. अडविता येणारही नाही. परंतु तो जाण्यापूर्वी शाळेतील क्रीडाशिक्षकाने मैदानावरील मुलांचा एक क्लब रीतसर स्थापन करावा, एखाद्या नोकरदार पालकाने त्याची घटना, संलग्नता आणि वार्षिक नोंदणी यांचे कागद वेळेवर पुरे करावेत आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी माद्रिद–बार्सिलोनाच्या हिशेबाइतक्याच आस्थेने आपल्या वस्तीतील बारा वर्षांच्या मुलांची यादी ठेवावी, एवढे निश्चित करता येईल. या कामाला कोणत्याही भांडवलदाराची गरज नाही. लागतो तो एक रजिस्टर आणि दर हंगामात तो भरणारा एक माणूस.